चारशे बारा आणि चारशे तेरा

विमानतळावर सगळे त्याला मास्तर म्हणत. त्याने आयुष्यात एक दिवसही शाळेत शिकवलं नव्हतं, पण कुणाच्याही कागदावर चुकलेली बेरीज दिसली की त्याचा हात आपसूक पेनाकडे जायचा, त्यावरून पडलेलं ते नाव. त्याचं काम वजनाचं. विमानात माणसं किती, सामान किती, इंधन किती, आणि त्यातलं काय पुढच्या पोटात ठेवायचं नि काय मागच्या, हे सगळं मांडून तयार झालेला कागद तो कॅप्टनच्या हातात द्यायचा. त्या कागदाला लोडशीट म्हणत. त्यावर कॅप्टनची सही झाली की मगच विमानाची दारं बंद व्हायची.

हे काम करणारे एके काळी नऊ जण होते. आता दोघंच उरले होते, मास्तर आणि लंबू. लंबू दारातून आत येताना सवयीनेच मान वाकवायचा, मग दार कितीही उंच असो. बोलायचा कमी. एकवीस वर्षं दोघं एका टेबलाशी समोरासमोर बसत होते. एकाने कागद मांडायचा, दुसऱ्याने तपासायचा.

कंपनीचे दिवस फिरले होते हे सांगायला कुणाची गरज नव्हती. अकरा विमानांची सहा झाली होती. सातवं धावपट्टीच्या पलीकडे उभं होतं, त्याची दोन्ही इंजिनं काढून दुसऱ्या विमानांना लावलेली, आणि उघड्या भोकांवर निळं प्लास्टिक बांधलेलं. वारा सुटला की ते प्लास्टिक दिवसभर फडफडायचं. इंधनवाले आधी पैसे घेतल्याशिवाय नळी लावत नव्हते. कँटीनमधला गरम जेवणाचा काउंटर बंद झाला होता. काउंटरवरच्या मुली एकमेकींच्या गणवेशाची बटणं शिवून देत होत्या. आणि तरी रोज सकाळी सातला पहिलं विमान उडायचं, त्यामुळे सगळे म्हणायचे, चाललंय ना, मग झालं.

कपातीची यादी लागली ती एका मंगळवारी सकाळी. हजेरीच्या मशीनशेजारी दोन पानं चिकटवली होती. नियम साधा होता. प्रत्येक विभागात किती माणसं ठेवायची ते ठरलं होतं आणि ज्याचा कर्मचारी क्रमांक आधीचा, तो राहणार. वजन विभागात एकच माणूस ठेवायचा होता. मास्तरचा क्रमांक चारशे बारा. लंबूचा चारशे तेरा.

मास्तरने आपला आकडा पाहिला आणि त्याचा जीव भांड्यात पडला. पुढच्याच क्षणी त्याला आपल्या त्या सुटकेच्या श्वासाची लाज वाटली, कारण लंबू त्याच्या खांद्यावरून तीच ओळ वाचत होता.

त्या दोन आकड्यांमागची गोष्ट त्या इमारतीत फक्त त्या दोघांना ठाऊक होती. एकवीस वर्षांपूर्वी रुजू व्हायच्या दिवशी कागदपत्रांच्या खिडकीपुढे रांग होती आणि त्या रांगेत लंबू पुढे होता. मास्तरची आई तेव्हा दवाखान्यात होती. भेटायची वेळ संपत आली होती आणि तो सारखा घड्याळ बघत होता. पुढच्या उंच माणसाने मागे वळून कारण विचारलं आणि म्हणाला, तू हो पुढे, मला कुठे घाई आहे. तोवर दोघांना एकमेकांची नावंही माहीत नव्हती.

लंबू यादीकडे पाठ करून वळला. "चल," तो म्हणाला, "साडेबाराचं विमान भरायचंय."

दोघं जाऊन बसले. कागद मांडायची पाळी मास्तरची होती. शाळेच्या खेळाडूंचा एक मोठा संघ जाणार होता, सामान भरपूर होतं, आकडे झरझर येत होते आणि मास्तर ते उतरवत होता. डोकं मात्र भलतीकडेच होतं. लंबूच्या घरी दोन मुलं शिकणारी. सेहेचाळिसाव्या वर्षी कोण नोकरी देणार? त्याने कागद पूर्ण करून पुढे सरकवला.

लंबूने तो पाहिला, परत पाहिला. मग एका ओळीवर बोट ठेवलं.

"हे विमान शेपटीकडे एवढं जड कसं?"

मास्तरने पुढच्या पोटातलं वजन मागच्या रकान्यात लिहिलं होतं आणि मागचं पुढे. कॅप्टनने त्या आकड्यावर भरवसा ठेवून विमान उचलायला घेतलं असतं, तर काय झालं असतं ते मास्तरला लगेच कळलं. एकवीस वर्षांत अशी चूक त्याच्या हातून झाली नव्हती.

"नवा कागद घे," लंबू म्हणाला. जुना त्याने फाडून टोपलीत टाकला. विमान वेळेवर गेलं.

घरी मास्तरने ताटातलं चिवडलं आणि तसंच ठेवलं. त्याची बायको औषधांच्या दुकानात काम करायची. दिवसभर लोकांची तोंडं बघून कोण खरं आजारी आहे ते ओळखायची तिला सवय होती. तिने ताट उचललं नाही, समोर बसून राहिली. तेव्हा त्याने सगळं सांगितलं. यादी सांगितली, चूक सांगितली आणि इतकी वर्षं कधी न सांगितलेली ती रांगही सांगितली.

"एकवीस वर्षांपूर्वीची रांग कोण लक्षात ठेवतं?" ती म्हणाली.

"मी ठेवलीय. त्यानेही ठेवली असणार."

"म्हणजे तुम्ही नोकरी सोडणार?"

मोठेपणा घ्यायची मास्तरला फार इच्छा होती, पण बायकोसमोर खोटं बोलणं त्याला कधी जमलं नव्हतं. "नाही," तो म्हणाला. "सोडवत नाही मला. हेच तर सलतंय."

ती उठली, पाणी घेऊन आली. "मग सोडू नका," ती म्हणाली. "पण असे बसूही नका. आमच्या दुकानात आम्ही दोघी अर्धा अर्धा दिवस करतो. तुमच्याकडे असं चालतं का ते तरी विचारा. उगाच जिवाला घोर लावून घेण्यापेक्षा 'नाही' असं उत्तर ऐकलेलं बरं."

"पगारही अर्धा येईल."

"ते मला कळतंय. औषधं मोजते मी रोज, अर्धी गोळी किती असते ते माहीत आहे मला."

दुसऱ्या दिवशी मास्तर एचआरच्या बाईंकडे गेला. यादी त्यांनीच तयार केली होती, आणि त्यामुळे कालपासून जिन्यात त्यांच्याशी कुणी बोलत नव्हतं. मास्तरने आधी क्रमांकांची हकीकत सांगून पाहिली. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं, की रांगेत कोण पुढे होतं याची नोंद कंपनीकडे नसते, क्रमांकाची असते. मग त्याने अर्ध्या दिवसाचं काढलं.

बाईंनी कपाटातून एक जाडजूड नियमपुस्तिका काढली. तसा एक नियम होता. बाळंतपणानंतर परत येणाऱ्या बायकांसाठी केलेला, अर्धवेळ कामाचा. बाईंनी तो दोनदा वाचला.

"हेतू बायकांचा आहे," त्या म्हणाल्या, "पण शब्द 'कर्मचारी' असा आहे. आणि एका जागेवर दोघं अर्धवेळ बसले, तर माणसांची संख्या एकच धरायची, असंही लिहिलंय."

"मग होईल?"

"मास्तर, या खुर्चीत माझे अकरा दिवस उरलेत. माझं नाव दुसऱ्या पानावर आहे, तुम्ही पाहिलं नसेल. तोवर मी केलेली सही कुणाला सहजासहजी पुसता येणार नाही. तुमच्या मित्राचा अर्ज आणा. उद्याच आणा."

मास्तरने खरंच दुसरं पान पाहिलं नव्हतं. आपलं नाव त्यांनी आपल्याच हाताने टाइप केलं होतं. तो नुसता "आणतो" म्हणाला आणि बाहेर पडला.

आता सगळ्यात अवघड काम उरलं होतं. मालाच्या शेडमागे लोखंडी पायऱ्या होत्या, तिथे दोघं डबा खायचे. मास्तरने सांगून टाकलं. लंबू चावायचा थांबला.

"मला दया नको."

"दया नाही रे."

"मग काय आहे? तुझं अर्धं ताट माझ्यापुढे सरकवतोयस. घरी विचारलंस?"

"तिनेच सुचवलं."

लंबूने हातातला घास डब्यात परत ठेवला. "ती रांग तू डोक्यात घेऊन बसलायस," तो म्हणाला. "मला तेव्हा खरंच घाई नव्हती. त्याचं ओझं तू का वाहतोस?"

"रांगेचं सोड," मास्तर म्हणाला. "मंगळवारचा कागद आठव. तू समोर नसतास तर तो तसाच गेला असता. तू गेल्यावर त्या टेबलाशी मी एकटा बसणार, आणि मला भीती वाटते. तुझ्यासाठी नाही म्हणत, माझ्यासाठी म्हणतोय. दुपारची दोन विमानं जड असतात, तेवढा एक तास तरी आपण दोघं समोरासमोर असू."

ते लंबूला पटलं. उपकार म्हणून त्याने काही घेतलं नसतं, पण विमानाच्या बाबतीत तो हट्टाला पेटणारा माणूस नव्हता. त्याने डबा बंद केला आणि अर्ज लिहायला मास्तरच्या खिशातलं पेन काढून घेतलं.

असं ठरलं, की मास्तरने सकाळी साडेसहा ते साडेबारा बसायचं, लंबूने साडेअकरा ते साडेपाच. कामाचे तास अर्ध्याहून जास्त आणि पगार अर्धा, असा तो सौदा होता, आणि दोघांनीही त्यावर सही केली. लोकांना मात्र गंमत सुचली. 'अर्धे मास्तर', 'अर्धे लंबू' अशी नावं पडली. एकाने तर लंबूला विचारलं, की तू अर्धा झालास तरी आमच्याएवढाच कसा दिसतोस. लंबूलाही हसू आवरलं नाही.

मग आठवड्याभरात विमान ओढणाऱ्या ट्रॅक्टरचे दोन चालक मास्तरकडे आले आणि अर्ज कसा लिहायचा ते विचारू लागले. मागोमाग काउंटरवरच्या चौघी आल्या. मास्तरने सगळ्यांचे अर्ज तपासले, चुका दुरुस्त केल्या. बाईंनी शेवटची सही केली ती त्यांच्या अकराव्या दिवशी, पर्स खांद्याला लावून, उभ्या उभ्याच.

दोन्ही घरांना ते दिवस सोपे गेले नाहीत. मास्तरच्या मुलीने शिकवण्या धरल्या. लंबूच्या बायकोने, मास्तर तिला वहिनी म्हणायचा, घरची एक खोली भाड्याने दिली आणि मुलं स्वयंपाकघरात अभ्यास करू लागली. कधी पगार दोन आठवडे उशिरा यायचा. मास्तरची बायको एकदा चिडून म्हणाली, की कुठून मला दुर्बुद्धी सुचली, आणि संध्याकाळी तिनेच वहिनींना फोन करून तासभर गप्पा मारल्या.

नऊ महिने असे गेले. मग कंपनी विकली गेली. घेणाऱ्या कंपनीने चार विमानं घेतली आणि त्या दिवशी हजेरीपटावर असलेली माणसं घेतली. ट्रॅक्टरचे दोघं आणि काउंटरच्या चौघी हजेरीपटावर होत्या, त्यामुळे त्या सहाही जणांना पूर्ण नोकरी मिळाली. वजन विभाग मात्र नव्या मालकांना नको होता. त्यांच्याकडे सगळ्या विमानांचे कागद दूरच्या एका कचेरीत यंत्रावर निघत.

शेवटच्या दिवशी दोघांनी पाचच्या विमानाचा कागद मिळून मांडला. मास्तरची पाळी कधीच संपली होती, पण तो थांबला होता. त्यांनी टेबलाचे खण रिकामे केले, पट्ट्या नि तक्ते खोक्यात भरले आणि बाहेर पडले. बस थांब्यावर ट्रॅक्टरवाला भेटला. तो दोघांचे हात हातात घेऊन नुसता उभा राहिला आणि त्याची बस आली तरी चढला नाही.

पुढच्या बसने तो गेल्यावर लंबूने विचारलं, "उद्या काय करतोस?"

"काही नाही. तू?"

"आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचंय. गाडीत चढवाउतरवायला मी एकटा पुरत नाही. ती माझा हात धरते आणि मला तिच्याएवढं वाकता येत नाही."

"किती वाजता येऊ?"

"साडेआठला ये. खाऊन येऊ नकोस, ती तुला खाल्ल्याशिवाय निघू देणार नाही."

मास्तर दुसऱ्या दिवशी सव्वाआठलाच पोचला.