वजा रविवार

स्क्रीनवर ओळीने शून्यं आली तेव्हा सामंतसाहेबांनी पेढे मागवायचे तेवढे बाकी ठेवले. राधाला मात्र ती शून्यं पचेनात. तीन आठवडे डोकं फोडून लिहिलेला प्रोग्रॅम इतकं गोड उत्तर देतो म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय, असं तिला वाटलं.

साल सत्त्याऐंशी. अंधेरीला मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत नंदकिशोर सामंतांची कंपनी होती, यंत्रांचे हादरे मोजून देणारी. कॉम्प्युटर एकच, आणि त्याला एसीची केबिन. माणसं बाहेर पंख्याखाली उकडत बसायची. राधा खंडागळे ही त्यातलीच एक : फिजिक्सची बी.एस्सी., मुलुंडला राहणारी, प्रोबेशनवर. सहापैकी पाच महिने सरले होते आणि कायम होण्याचं पत्र महिन्यावर आलं होतं.

काम असं होतं. मुलुंडला फोर्जिंगच्या एका कारखान्याला लागून बैठी चाळ आहे. इकडे लोखंडावर घण पडायचा आणि तिकडे भिंतींना तडे जायचे. चाळकऱ्यांनी दोन वर्षं अर्जांवर अर्ज केले, तेव्हा कुठे वॉर्ड ऑफिसने फर्मावलं, की हादरे मोजा, जास्त निघाले तर घण हलवा. आणि मोजणारी कंपनी कुणी निवडायची? तर कारखान्यानेच. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देणं म्हणतात ते हेच.

सहा घरांच्या भिंतींना मेणाने सेन्सर चिकटवून शनिवारी आणि मग सोमवार ते गुरुवार अशी पाच दिवस मोजणी झाली. ते सगळे आकडे राधाने कॉम्प्युटरमध्ये मांडले होते, सहा कपाटं, प्रत्येकात पाच फळ्या, प्रत्येक फळीवर दोनशे छप्पन्न डबे, तसे. एकेक डबा म्हणजे हादऱ्याचा एकेक वेग, मिनिटाला इतके ठोके असा, आणि डब्यातला आकडा म्हणजे त्या हादऱ्याचा जोर. पण भिंत काय फक्त घणाने हलते? रस्त्यावरचे ट्रक असतात, पाण्याचे पंप असतात. म्हणून कारखाना बंद असताना एकदा मोजायचं, त्याची दोनशे छप्पन्न आकड्यांची एक ओळ करायची आणि ती तिसाच्या तीस फळ्यांमधून वजा करायची. पहिल्या डब्यातून पहिला आकडा, दुसऱ्यातून दुसरा. उरेल तो घण.

उरलं होतं शून्य.

पहिल्यांदा तिने स्वतःलाच धारेवर धरलं. सुरुवातीला एकदा तिची वजाबाकी आडवी व्हायची ती उभी झाली होती, भलत्याच डब्यातून भलताच आकडा गेला होता, आणि अशा वेळी कॉम्प्युटर बिचारा तक्रार करत नाही, मुकाट्याने चुकीचं उत्तर देतो. म्हणून तिने कागद घेतला आणि तिसऱ्या भिंतीच्या मंगळवारची फळी हाताने वजा केली. दोनशे छप्पन्न वजाबाक्या, पेन्सिलने. शून्याच्या आसपासच आकडे आले. वजाबाकी बरोबर होती.

मग तिने कधी कुणी न बघितलेली गोष्ट बघितली, ती वजा करायची ओळ. बंद कारखान्याच्या त्या ओळीत एका ठिकाणी टेकाड उभं होतं, मिनिटाला नव्वद ठोक्यांच्या जागी. कारखान्याचा घण मिनिटाला नव्वदच ठोके टाकतो, हे फाइलच्या पहिल्या पानावर लिहिलेलं होतं.

ती तडक दत्तारामकाकांकडे गेली. कंपनीची सगळी मोजणी मालाडला राहणारे हे दत्ताराम परब करायचे.

"काका, कारखाना बंद असताना मोजलंत ते कुठल्या दिवशी?"

"रविवारी. सायबांनी सांगल्यानी, रविवारी जा. मी रविवारी गेलंय." ते जरा घुटमळले. "आवाज येय होतो खरो. माका वाटला, बाजूच्या कंपनीचो असतलो."

राधाला हसू आलं, आणि लगेच संताप आला. तिचे वडील भाऊराव त्याच पट्ट्यातल्या दुसऱ्या एका कारखान्यात पंचवीस वर्षं फिटर होते. विजेचा भार वाटून घ्यायचा म्हणून प्रत्येक पट्ट्याची सुट्टी वेगळ्या वारी, आणि तिथल्या सगळ्या कारखान्यांना ती शुक्रवारी. तिच्या घरी मटण शुक्रवारी शिजायचं, पाहुणे शुक्रवारी यायचे, वडिलांच्या हातचा मार खायचा तो वारही शुक्रवारच. त्या घरात रविवार शुक्रवारी यायचा. पार्ल्याला राहणाऱ्या सामंतांना हे कोण सांगणार? त्यांनी चालू घणातून चालू घण वजा केला होता.

"सर, परत मोजावं लागेल," तिने केबिनमध्ये जाऊन सगळं सांगितलं.

सामंतांनी शांतपणे ऐकून घेतलं. "रिपोर्ट टाइप झालाय. बुधवारी सुनावणी आहे. पार्टी खूश आहे. तू सही कर आणि पुढच्या कामाला लाग."

"शुक्रवारी एक तास पुरे आहे, सर."

"नाही म्हटलं ना."

शुक्रवारी राधाने रजा टाकली. रेकॉर्डर आणि सेन्सरची पेटी दत्तारामकाकांनी तिच्या हातात दिली. "कोणी इचारल्यान तर मी बघूक नाय," एवढंच म्हणाले. तिसऱ्या भिंतीच्या घरात द्रौपदीबाई राहायच्या. तड्यांत त्यांनी सिमेंट भरलं होतं, त्या सिमेंटलाही तडे गेले होते. राधाने सेन्सर चिकटवला तेव्हा घर अगदी गप्प होतं. "आजच्या दिवशीच पोरं दुपारची झोपतात," द्रौपदीबाई म्हणाल्या. सहाही भिंती मोजून ती घरी गेली.

शनिवारी नवी ओळ वजा केली आणि प्रिंटर करकरत कागद ओकू लागला. तिसाच्या तीस फळ्यांवर, नव्वद ठोक्यांच्या जागी, घण उभा राहिला. द्रौपदीबाईंच्या भिंतीत तो मर्यादेच्या तिप्पट होता.

सामंतांनी कागद बघितले आणि न वाचताच उलटे ठेवले.

"परवानगी कुणी दिली?"

"कुणी नाही."

"मला कळतं गं. तुझ्याच लोकांची वस्ती आहे ती. म्हणून एवढा पुळका."

हे वाक्य राधाने शाळेत ऐकलं होतं, कॉलेजात ऐकलं होतं, आणि दर वेळी गिळलं होतं. आज गिळलं नाही.

"मग मला वजा करा, सर," ती म्हणाली. "माझं नाव, माझी वस्ती, सगळं वजा करा. आणि शुक्रवारी तुम्ही स्वतः मोजून या. तो शुक्रवार वजा केलात की नव्वद ठोकेच उरतील."

"सही करणार आहेस की नाही?"

"नाही."

"मग सोमवारपासून येऊ नकोस."

घरी तिने भाऊरावांना सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "कागद आणलेस ना?" तिने पिशवीतून गठ्ठा काढून दाखवला. त्यांनी मान हलवली आणि तिला जेवायला बसायला सांगितलं.

बुधवारी वॉर्ड ऑफिसच्या खोलीत पुढच्या खुर्च्यांवर सामंत आणि कारखान्याचे मॅनेजर बसले होते. मागे भिंतीशी चाळीतली पन्नासेक माणसं दाटीवाटीने उभी होती आणि त्यांच्यात राधा. अधिकाऱ्यांनी रिपोर्ट चाळला. "म्हणजे हादरे शून्य. हा हिशेब केला कुणी? इथे सही दिसत नाही."

सामंतांनी पुढे होऊन कंपनीच्या शिक्क्यावर बोट ठेवलं.

"मी केला," राधा मागून म्हणाली. "वजाबाकी बरोबर आहे, साहेब. वजा केलंय ते चूक आहे. त्यांनी बंद कारखाना म्हणून रविवार धरलाय. मॅनेजरसाहेबांना एवढंच विचारा, त्यांच्या कारखान्याला सुट्टी कुठल्या वारी असते?"

अधिकाऱ्यांनी मॅनेजरांकडे बघितलं. मॅनेजर घसा खाकरून वकिलाबद्दल काहीतरी बोलू लागले.

"शुक्रवारी," द्रौपदीबाई म्हणाल्या. आणि मग त्यांच्यामागून सगळी चाळ म्हणाली, बाया, म्हातारे, कडेवरची पोरं सांभाळत उभे असलेले बाप. दारातला शिपाईसुद्धा मुलुंडचाच होता. तोही म्हणाला, "शुक्रवारी, साहेब."

अधिकाऱ्यांनी शून्याचा रिपोर्ट मिटून बाजूला सारला आणि राधापुढे हात केला.

"आणा तुमचे कागद."