भटकी जागा

सकाळचे नऊ वाजले तरी ईशान्य विभागातल्या हूसाविक गावच्या पक्ष कार्यालयात कोणी घरी जायचं नाव घेत नव्हतं, आणि तिथली उमेदवार स्वावा टीव्हीसमोरून हलत नव्हती. मोजायची फक्त पश्चिम विभागातली शेवटची पेटी उरली होती.

आइसलँडच्या निवडणुकीची ही गंमतच आहे. बहुतेक जागा त्या त्या विभागातल्या मतांवर वाटतात; पण देशभरातल्या मतांच्या मानाने कुठल्या पक्षावर अन्याय नको, म्हणून मूठभर जागा भरपाईसाठी ठेवलेल्या असतात. त्यातली शेवटची दर पेटीगणिक या पक्षाकडून त्या पक्षाकडे, या विभागातून त्या विभागात उड्या मारते. लोक तिला भटकीच म्हणतात. न्याय असेल तो, पण माणसाचा जीव टांगणीला लावणारा!

रात्री भटकी स्वावाकडे होती. पहाटे थोडक्या मतांनी दुसऱ्याच पक्षाने पळवली.

फोन वाजला. पश्चिमेकडच्या बंदरातून, आपल्या बोटीवरून तिचा भाऊ केटिल ओरडत होता.

"आता बघच! ती पेटी आमची आहे. बोटीबोटीवर जाऊन सांगितलंय, माझ्या बहिणीच्या पक्षाला मत द्या. जन्मभर दुसऱ्या पक्षाला मत देणारा म्हातारा ओड्डुरसुद्धा फुटला!"

"अरे, पण तुमच्याकडच्या यादीत मी कुठे आहे?"

"पक्ष तर तुझाच ना? मतं देशभरची धरतात, तूच म्हणालीस!"

म्हणाली होती. पण अर्धंच सांगितलं होतं.

तेवढ्यात टीव्हीवर आकडे हलले. पक्षाची मतं सरसर चढली आणि भटकी परत आली! खोलीत एकच कल्ला झाला. कोणीतरी स्वावाला उचलून गरगर फिरवलं, सँडविचसारखा ब्रेडच्या थरांचा खारा केक खाली पडला, तीही वेड्यासारखी हसत होती. मग पडद्यावर नाव आलं: ग्रोआ, पश्चिम विभाग. केटिलच्याच गावातली शाळामास्तरीण.

पक्षाला मिळालेली भरपाईची जागा जाते ती ज्या विभागात पक्षाचा टक्का भारी, तिथल्या उमेदवाराला. केटिलच्या मतांनी ग्रोआ स्वावाच्या पुढे गेली होती.

"आलीस ना? आलीस ना गं?" केटिल अजून फोनवरच होता.

"जागा आली, केटिल. ग्रोआला मिळाली."

"म्हणजे मीच तुला पाडलं?"

स्वावाला फार वाईट वाटलं. पण हिशेब डोळ्यांसमोर लख्ख होता.

"नाही रे. तुझी मतं नसती तर जागा पक्षालाच मिळाली नसती. माझी ती कशीही होणार नव्हती."

"आणि तू रडतेयस."

"रडणारच! महिनाभर घसा फोडलाय मी."

फोनमधून भोंगे ऐकू येऊ लागले, एकामागून एक.

"हे काय रे?"

"बंदरातल्या बोटी. आमच्या गावातून संसदेत आजवर कोणी गेलं नव्हतं." तो ओशाळून म्हणाला.

"मग तुझी बोट का गप्प?"

"तुला ऐकवेल?"

"वाजव म्हणते ना!"

केटिलने भोंगा दाबला. स्वावाने डोळे पुसले, फोनचा आवाज वाढवला आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल असा तो टेबलावर ठेवला.