दिव्यापुरतं तूप

लढाईच्या वर्षांत आमच्याकडची माणसं दोन गोष्टींना घाबरायची. एक लेव्हीचे शिपाई आणि दुसरं डब्याचं वनस्पती तूप. शिपायांचं एक वेळ परवडलं, ते सरकारी वसुलीची ज्वारी घेऊन निघून तरी जात. डब्याच्या तुपाबद्दल मात्र ज्याच्या तोंडाला जे येईल ते तो सांगे. म्हणे त्यानं डोळे जातात. म्हणे त्यात गोऱ्या सोल्जरांच्या खाण्यातली चरबी असते. लिंगायताच्या घरात चरबीचं नाव निघालं की संपलंच. डब्यावर निळा-हिरवा मोर होता आणि त्याच्या पायाशी इंग्रजी आणि उर्दूत काहीबाही छापलेलं होतं. उर्दू वाचणारे गावोगावी होते, पण कुणी ते वाचून घेतलं नाही. छापलंय म्हणजे खोटंच असणार, असं सगळ्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं.

एवढी भीती, तरी लोहाऱ्यात कल्याणप्पाच्या दुकानाबाहेर मोराच्या रिकाम्या डब्यांची चळत लागलेली असायची. पत्रा जाड, झाकण घट्ट, आत मुंगी शिरायची नाही. बायका पीठ-मिरच्या ठेवायला ते डबे हौसेनं नेत. डबे सोलापूरहून सरहद्दीवरचा जकातीचा नाका चुकवून भरलेले येत आणि इथं रिकामे विकले जात. मधल्या मधे आतलं जातं कुठं, हे आमच्या शहाण्या लोकांपैकी एकानंही कल्याणप्पाला विचारलं नाही. कल्याणप्पाच्या कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे असत. तो तूप विकायचा ते मातीच्या मडक्यात, वर धुवट फडकं बांधून. मडक्यावर काहीच छापलेलं नव्हतं, त्यामुळे ते चोख ठरलं होतं.

रुद्रम्मानं तिथूनच एक रिकामा डबा नेला होता. ती उमरग्याजवळच्या खेड्यातली. नवरा कधीच गेला होता. घरात दोन म्हशी, आणि पोटची एकच लेक, उमाबाई, लोहाऱ्याला दिलेली. उमाचं पहिलं बाळंतपण माहेरी झालं आणि ते मूल दोन महिन्यांचं होऊन दगावलं. दुसऱ्या खेपेला सासूनं, शरणम्मानं, तिला माहेरी पाठवलंच नाही. "तिथं काय खायला घातलं कुणाला ठावं," असं ती चारचौघींत बोलली. ते बोलणं फिरत फिरत रुद्रम्माच्या कानावर आलं आणि तिच्या काळजात रुतून बसलं.

तेव्हापासून तिनं घरात लोण्याला हात लावला नाही. स्वतः भाकरी कोरड्या चटणीशी खाल्ली आणि साठेल तेवढं लोणी कढवलं. तूप कढत आलं की ती त्यात विड्याचं एक पान सोडायची, तिच्या आईची तशी रीत होती. मागच्या वेळी तूप मडक्यातून पाठवलं तर गाडीच्या हिसक्यानं मडकं तडकलं आणि सगळं तूप कडब्यानं प्यालं. म्हणून या वेळी डबा. राखेनं घासला, उन्हात वाळवला. मोर काही जाईना, आणि खरं सांगायचं तर दिसायला बरा होता म्हणून तिनंही फार जोर लावला नाही.

उमाला मुलगा झाल्याचा निरोप आला तसा डबा मांडीवर घेऊन ती लोहाऱ्याच्या गाडीत बसली. थंडीचे दिवस होते. गाडी दारात थांबली तेव्हा दुपार कलली होती. शरणम्मानं विहिणीचे पाय धुवायला पाणी आणलं आणि तिची नजर डब्यावर पडली.

"इनबाई, ह्ये काय आणलंय?"

"तूप हाये. घरचं. उमासाठी."

"घरचं, आन् मोराच्या डब्यात?"

"डबा निस्ता हाये वो. तूप माज्या म्हशीचं. वास घिऊन बगा की."

"वास काय, आता त्यो बी बाटलीत मिळतोय म्हनं."

"तळाला इड्याचं पान हाये. म्या सोता टाकलंय."

"पान कुनी बी टाकंल."

रुद्रम्मानं गळ्यातल्या इष्टलिंगावर हात ठेवला. "लिंगाला हात लावून सांगते, इनबाई."

"देवाला कशाला मदी घेताव? खरं आसतं तर शपत लागली आसती व्हय?"

वास घ्या म्हटलं तर वास खोटा, पान दाखवलं तर पान खोटं, आणि देवाची आण घेतली तर तीच लबाडीची खूण. शरणम्मा वाईट होती असंही नाही. सुनेसाठी ती पदरमोड करून महागाचं तूप आणत होती. नातवाच्या आईच्या पोटात भलतंसलतं जाऊ नये, एवढंच तिचं म्हणणं होतं. पण तिचं डोकं त्या मोरापाशी अडकलं ते पुढं सरकेना.

"टाकून कशाला द्यायचं?" शेवटी तीच म्हणाली. "रॉकेल तर कुठं मिळंना. बाळंतिणीच्या खोलीत दिव्याला हुईल."

रुद्रम्मानं डबा आपल्या हातानं खोलीत नेला. खिडकीला गोणपाट ठोकलेलं, त्यामुळे दिवसासुद्धा दिवा लागायचा. शरणम्मानं तिच्यादेखत पणतीत तूप घातलं, वात लावली आणि ती चुलीकडं गेली. उमा बाजेवर पडली होती. गालफडं बसलेली. बाळ कुशीत किरकिरत होतं, त्याला पुरेसं दूध मिळत नव्हतं.

"अव्वा," उमा डोळे मिटूनच म्हणाली, "आज खोलीत आपल्या घरचा वास येतोय गं."

रुद्रम्माला हुंदका आवरेना. तिनं पदर तोंडात धरला.

उशाशी ताट होतं. मऊ भात, आणि त्यावर तूप थिजून पांढरं झालेलं. उमानं दोन घास खाऊन ते सारलं होतं.

"खाईनास का?"

"टाळूला मेणावाणी चिकटतंय. पर आत्याबाई म्हनतेत, चांगलं तूप हाये, सवय करा. कल्याणप्पाच्या दुकानचं."

रुद्रम्मानं ते बोटांत चोळलं. रवा नाही, वास नाही. तिनं ताटाकडं पाहिलं, मग दिव्याजवळच्या मोराकडं पाहिलं. कल्याणप्पाच्या दारातली ती डब्यांची चळत तिच्या डोळ्यांपुढं उभी राहिली, आणि डब्यांतलं कुठं गेलं ते तिला कळलं.

तिथल्या तिथं उठावं, शरणम्माला हाताला धरून आणावं आणि सांगावं, असं तिला झालं. पण तिचा शब्द या घरात आत्ताच उंबऱ्यावर पडला होता. भांडण करून ती संध्याकाळच्या गाडीनं निघून जाईल, उमा मात्र इथंच राहणार. तिनं ताटातला पांढरा थर निपटून पदराच्या टोकात बांधला. डब्यातून मूठभर तूप काढलं, वाटीत घालून दिव्यावर धरलं आणि पातळ झाल्यावर भातावर ओतलं. हे करताना तिचं लक्ष सारखं दाराकडं होतं. स्वतःच्या म्हशीचं तूप स्वतःच्या लेकीला खाऊ घालायचं, तेही चोरून.

उमा उठून बसली आणि हावरटासारखी जेवली. शेवटी ताट बोटानं निपटून चाटलं.

तेवढ्यात शरणम्मा शेगडी घेऊन आत आली. दारातच थबकली आणि नाक वर करून वास घेतला. मग तिचं लक्ष लखलखीत ताटाकडं गेलं आणि तोंडभर हसू पसरलं.

"काय घमघमाट सुटलाय! बगितलं का, इनबाई? तूप म्हंजे आसं आसतंय. कल्याणप्पाचं. पोरीनं आज ताट चाटून खाल्लं."

उमानं बोलायला तोंड उघडलं. रुद्रम्मानं चादरीखालून तिचा हात घट्ट दाबला.

"व्हय," रुद्रम्मा म्हणाली. "लई चांगलं हाये."

"मग पुढच्या बारीला तुमी बी त्याचंच एक मडकं घिऊन या लेकीला. आन् त्यो दिवा बगा, बारीक झालाय. घाला की जरा तुमचं तूप."

रुद्रम्मानं डब्यात हात घातला आणि उमाच्या तोंडचं तूप दिव्यात घातलं.