नऊ वाजून तीनच्या आत

८:५१

भाचा आत्याच्या खुर्चीमागे उभा. आत्या रुग्णालयाचे अहवाल घरून टाइप करते, भाचा त्याच रुग्णालयाचे संगणक सांभाळतो. मंगळवारी त्यानेच लॉगिनच्या प्रणालीची नवी आवृत्ती चढवली आणि बुधवारपासून आत्याचं लॉगिन रखडायला लागलं. तीन मिनिटं चाळीस सेकंद. नऊच्या आधी तिचं खातं उघडत नाही, नऊ-तीननंतर उशिराचा शेरा पडतो. म्हणजे कितीही जीव टाका, उशीर ठरलेलाच.

दोन शेरे पडलेत. तिसरा पडला की घरून काम बंद, सोमवारपासून ऑफिसात हजर, असा ऑफिसातल्या साहेबांचा हुकूम. आणि मामांना, म्हणजे आत्याच्या यजमानांना, उठून बसायलासुद्धा दुसरं माणूस लागतं.

"साहेबांच्या कानावर घातलंस?" आत्याने विचारलं.

"घातलं. म्हणाले, घरी बसणाऱ्यांना अंथरूण सुटत नाही आणि नाव संगणकाचं."

"त्यांना म्हणावं, मी साडेपाचला उठते. पाठवते फोटो!"

८:५५

भाच्याने तिच्याच मशीनवर आपल्या नावाने लॉगिन करून पाहिलं. त्याच्या खात्याला वेळेचं बंधन नव्हतं. नऊ सेकंद. म्हणजे लाइन ठणठणीत, मशीन ठणठणीत. दुखणं आत्याच्याच खात्यात.

"माझंच काहीतरी चुकतंय म्हण ना."

"नाही गं."

खात्री मात्र नव्हती.

९:००:००

आत्याने पासवर्ड टाकला. पडद्यावर गोल फिरायला लागला. कृपया थांबा.

"आलं का?" आतल्या खोलीतून मामा.

"थांबा हो!"

"थांबतोय. पळून कुठे जाणार?"

९:००:४५

भाच्याच्या मांडीवर त्याचा लॅपटॉप. लॉगिन होताना संगणक काय काय करतो, त्याच्या नोंदी ओळीने उमटत होत्या.

प्रिंटर शोधत आहे: जिन्याजवळचा. वीस सेकंद. उत्तर नाही.

प्रिंटर शोधत आहे: तळमजला, खिडकी.

जिन्याजवळचा प्रिंटर भंगारात जाऊन चार वर्षं झाली होती.

आत्याच्या खात्याच्या यादीत असे दहा. आत्या ऑफिसात बसायची तेव्हा प्रिंट अडली की हाक यायची, "अरे, बघ रे जरा." हा जायचा, नवा प्रिंटर जोडायचा, जुन्याचं नाव तसंच ठेवायचा. राहू दे, काय खायला मागतोय? जुनी आवृत्ती मेलेल्यांना ओलांडून पुढे जायची. नवी प्रत्येकाच्या दारात वीस सेकंद हाका मारत उभी राहते.

दहा विसे दोनशे. दोनशे सेकंद, सगळे त्याच्याच हातचे.

९:०१:२०

"आत्या, हे मध्येच तोडतो. यादी पुसतो, मग पुन्हा आत जाऊ."

"आणि खातं अडकलं तर?"

"बघू."

"बघू काय? शेरा काय तुझ्या बापाला पडणार आहे?"

"बापाचं नाव काढू नकोस, तुझाच भाऊ आहे."

"म्हणून तर ओळखते!"

त्याने तोडलं.

९:०२:३५

यादी कोरी. "टाक."

दिवसभर न अडखळता टाइप करणारी आत्याची बोटं अडखळली. पासवर्ड चुकीचा. पुन्हा. या वेळी तिने एकेक अक्षर पुटपुटत टाकलं.

गोल फिरतोय. पंधरा सेकंद. अठरा.

९:०३:०५

आत.

पडद्याच्या कोपऱ्यात लाल अक्षरं: उशीर, ३.

आत्या आतल्या खोलीच्या दाराकडे बघत राहिली.

९:०६

नव्या आवृत्तीवर ढकललं तर कुणाच्याच नावावर काही येणार नव्हतं. पण मग ती बनवणाऱ्या कंपनीची चौकशी, त्यांचं उत्तर, दोन-तीन आठवडे. आणि सोमवार तीन दिवसांवर. भाच्याचं कंत्राटही याच महिन्यात संपत होतं. त्याने फोन लावला.

"साहेब, माझ्या आत्याचे तिन्ही शेरे माझ्यामुळे पडलेत." आणि प्रिंटरचं सगळं सांगून टाकलं.



"शेरे काढतो," साहेब म्हणाले. "त्यांना म्हणावं, घरूनच करा."

फोन स्पीकरवर होता. आत्याने खुर्चीच्या पाठीला डोकं टेकवलं.

"आता मला सांग," साहेब पुढे म्हणाले, "असे मेलेले प्रिंटर आणखी कितीजणांच्या गळ्यात बांधलेस?"

घरून काम करणारे छत्तीस. भाच्याने दुसरं खातं उघडलं. चौदा प्रिंटर. तिसरं. एकवीस.

"ऐकतोयस ना?"

"हो साहेब," तो म्हणाला. "मोजतोय."