काशाचा हात

करंगळीच्या पेरावर जळक्या मातीची एक खपली अजून धरून होती, आणि जनकाबाईंनी ती नखाने अलगद उडवली तेव्हा खालून कासे असे नितळ वर आले — फोड नाही, छिद्र नाही, शिवण नाही — की त्यांची मान आपसूक डोलली. उजवा हात, मनगटापर्यंतचा. बोटे किंचित मिटलेली, जणू बोंडातला कापूस नुकता चिमटीत येतो आहे. धामणगाव बढ्याच्या बाजारात उभी राहायची होती ती कापूस वेचणारी बाई. तिचे धड, कमरेची ओटी, वाकलेली मान, सारे आधीच ओतून भिंतीशी टेकवले होते. राहिला होता हा हात. दुपारच्या गाडीने मेहकरहून नाजिश येईल, हात पाहील, होकार देईल, मग जोडकाम. नाजिश म्हणजे फकीर मोहम्मद व्यापाऱ्याची लेक, मूर्तिकला शिकून परतलेली. तिचे काम पाहून आणखी शिल्पकार अमडापूरच्या या ओतशाळेची वाट धरणार होते... आणि नाही धरली तर मुलगा गोपाल म्हणतो तेच. मोटारपंपाच्या चकत्या ओतायच्या.

चकत्या! ज्या भट्टीवर बैलांच्या घंटा ओतल्या गेल्या, तिच्यावर? जिनिंगकडे निघालेल्या गाड्यांची रांग डोळ्यांना दिसण्याआधी कानांना कळायची, आणि सासरे अंगणात उभे राहून सांगायचे — हा नाद आपला, तो परक्याचा. मग बीटीचा कापूस टेम्पोत बसून मुकाट जाऊ लागला. टेम्पोच्या गळ्यात घंटा कोण बांधणार? घरातले पुरुष कपाळाला हात लावून बसले, तेव्हा शिल्पकारांच्या दारात गेल्या त्या जनकाबाईच. नऊवारीत, ताठ मानेने. काम मागायला नव्हे, काम दाखवायला.

"जनकामाय, हा माहा हात नाही."

विमलबाई केव्हा मागे येऊन उभी राहिली होती कोण जाणे. लाल्या रोगाने तिची कापसाची पऱ्हाटी करपली त्या साली ती इथे साच्याची माती मळायला आली, आणि तिचाच हात समोर ठेवून नाजिशने मेणाचा हात घडवला होता; त्यावर मातीचा साचा चढला, मेण वितळून गेले आणि त्याच्या जागी कासे ओतले गेले.

"काऊन नाही?"

"हा तं पाटलीनबाईचा हात हाय. याले बोंड कधी टोचलंच नाही."

"तुह्या जिभेले हाड नाही, विमल. माती मळ."

"मळतो न. पन पाहा तं." तिने मातीने भरलेली बोटे पुढे केली. नखांच्या कडांना चिरा होत्या, चिरांवर चिरा, काही बुजलेल्या, काही ओल्या. "बोंड बीटीचं झालं, मोठं झालं, पन त्याची नखं तशीच राह्यली, माय."

जनकाबाईंनी त्या बोटांकडे पाहिले, मग काशाच्या बोटांकडे. मेणाच्या हातावर हेच तर होते. बारीक काप, पेरापेरावर. गाडीच्या हिसक्यांनी मेण खरचटले, असे त्यांनी धरून चालले. कारण या घरात बाहेरून आलेले मेण थोरल्या बाईच्या हाताखालून गेल्यावाचून मातीत जात नाही, आणि मेणातला ओरखडा धातूत जन्माचा होतो. तापलेली सळई, मेणाचा थेंब, एक फुंकर — एकेक काप त्यांनी बुजवला होता, किती मायेने! कुणाला विचारले नव्हते. आजवर कुणाला विचारले होते? "म्याच बुजवले," त्या पुटपुटल्या.

"नाजिशले सांगू नको, माय," गोपाल भट्टीपाशी राख ओढता ओढता म्हणाला. "मेण तसंच आलं होतं म्हन. आता वितळून गेलं ते, कोन पाह्यते?"

खरेच होते. मेण गेले, साचा फुटला. खोटेपणाला साक्षीदार उरला नव्हता. एक शब्द गिळला की ओतशाळेचे नाव शाबूत... पण ते नाव कशाचे? बिनचूक हाताचे. आणि तो हात तर आज चुकलेला, समोर, उन्हात चकाकत. जनकाबाईंना वाटले, आपण आयुष्यभर गुळगुळीतपणालाच खरेपण समजत आलो की काय... घंटेपुरते ते ठीक होते. घंटेला कापूस वेचायचा नसतो.

नाजिश आली. पाण्याचा पेला तिच्या हातात जायच्या आत जनकाबाई बोलल्या.

"पोरी, मेणावरचे काप म्या बुजवले. मले ते गाडीतले ओरखडे वाटले."

नाजिशने काशाचा हात उचलून उन्हात नेला, फिरवला. मग अंगठ्याने एकेक पेर चाचपले.

"सगळे, आजी?"

"सगळे. माह्या कामात अर्धं काई नसते."

तिच्या ओठांच्या कडेला हसू येऊन विरले. "छिन्नीनं परत पाडता येतील?"

"या घरात छिन्नी दोष काढाले उचलतात. पाडाले नाही."

"मंग?"

गोपालने मान फिरवली. उत्तराला आपण लगेच धावू नये, हे जनकाबाईंना कधी जमले नव्हते... आज थोडे जमले.

"विमल, हात धू अन् इकडे बस. तुह्या चिरा पाहूनच पाडतो आता."

"करून पाहा आजी," नाजिश म्हणाली, "पन मले नाही पटलं तं मी नाही म्हनीन."

"म्हन. तोंड कशाले देलं देवानं?"

विमलबाईचा ओला हात त्यांनी मांडीवर घेतला. इतकी वर्षे या बाईला हुकूम सोडले, हात कधी धरला नव्हता. जवळून पाहता प्रत्येक चिरेची वाट निराळी होती; एकही दुसरीसारखी वळत नव्हती. सर्वांत बारीक छिन्नी त्यांनी काशाच्या अंगठ्यावर टेकवली, हातोडी उचलली — आणि घाव कुठे थांबेल हे त्यांना ठाऊक नव्हते. या वयात, या पाटावर, ठाऊक नव्हते! भीती वाटायला हवी होती. वाटत होती ती उत्सुकता, लहान पोरीसारखी, लाज वाटावी इतकी.

"हा काप कधीचा?" त्यांनी एका चिरेवर बोट ठेवले.

"हा? हा तं लय जुना, माय. आईसंगं वावरात पहिल्यांदा गेल्ती..."

विमलबाई सांगू लागली. हातोडी हवेत तशीच थांबली होती, आणि विमलचे सांगणे लवकर संपू नये असे जनकाबाईंना वाटत होते.