खारूताईची जागा

मोटर क्लबच्या चिटणीसांचा फोन आला तेव्हा बाण दाढी करत होता. अर्ध्या गालावर फेस तसाच ठेवून त्याने सगळं ऐकून घेतलं, येतो म्हणून छातीठोकपणे सांगितलं, आणि फोन ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं की आता आपल्याला मोटरसायकलवर टांगही टाकता येत नाही.

बाण हे नाव त्याला ट्रॅकवर पडलं होतं. सरळ रस्ता लागला की तो टाकीला छाती लावून असा सुटायचा, की मागच्यांना नुसता धूर दिसायचा. देशाचं अजिंक्यपद त्याने मिळवलं, टिकवलं, एकदा घालवलं आणि पुन्हा हिसकावून आणलं. त्याचं खरं नाव फक्त बँकेला आणि दवाखान्याला ठाऊक होतं. आता सत्तरी उलटली होती, उजवा खुबा नवीन बसवला होता आणि पाय फाकवून कशावरही बसायचं नाही अशी डॉक्टरांची ताकीद होती.

क्लबने त्या रविवारी जुन्या दिग्गजांची आठवण जागवायचा घाट घातला होता. गेल्या काही दशकांतल्या देशाच्या सगळ्यात मोठ्या शर्यतपटूंची छायाचित्रं एका लांबलचक फलकावर लागणार होती, आणि जे हयात होते त्यांनी आपापल्या जुन्या गाड्यांवरून ट्रॅकला सावकाश एक फेरी मारायची होती.

बायकोने स्वयंपाकघरातून सगळं ऐकलं होतं. ती हात पुसत बाहेर आली आणि शांतपणे म्हणाली, "खुबा नवा बसवला, अक्कल तेवढी जुनीच राहिली."

सूनबाई लगेच सासूच्या बाजूला जाऊन उभी राहिली. मुलाने वर्तमानपत्र जरा वर धरलं. बाणाने दोन दिवस तोंड पाडून पाहिलं, जेवणात मीठ कमी आहे असं उगाच म्हणून पाहिलं, पण घरात कुणी दाद दिली नाही.

तिसऱ्या दिवशी भोवरा आला. भोवरा म्हणजे बाणाचा सख्खा मित्र आणि सख्खा वैरी. गावाबाहेर त्याचं लेथचं वर्कशॉप होतं, नखांत कायम ग्रीस. तरुणपणी दोघे एकाच शर्यतीत उतरायचे. बाण पहिला यायचा आणि भोवरा त्याच्या पाठोपाठ दुसरा. वर्षानुवर्षं बाणाची पाठ बघून कंटाळल्यावर भोवऱ्याने लग्न केलं आणि तो साइडकारच्या शर्यतीत गेला.

शर्यतीच्या साइडकारमध्ये बसायला खुर्ची नसते. मोटरसायकलला शेजारी एक पत्र्याचा सपाट तुकडा जोडलेला, त्याला एक चाक आणि धरायला दोन-तीन कड्या, बस्स. त्या पत्र्यावर दुसरं माणूस गुडघे टेकून असतं. एका वळणाला त्याने इतकं बाहेर लोंबकळायचं की कंबर रस्त्याला घासते की काय असं वाटावं, आणि उलट्या वळणाला झेप घेऊन चालवणाऱ्याच्या पाठीमागे चाकावर आडवं पडायचं. एवढं वेळेवर झालं नाही तर गाडी उलटते. भोवऱ्याच्या गाडीतलं हे दुसरं माणूस म्हणजे त्याची बायको. चणीने लहानखुरी, चपळ, क्षणात इकडे, क्षणात तिकडे. सगळा ट्रॅक तिला खारूताई म्हणायचा. नवराबायकोंनी मिळून अजिंक्यपदं घरी नेली.

बाण तेव्हा त्यांची यथेच्छ टिंगल करायचा. ही कसली शर्यत, ही तर तीन चाकांची भाजीची गाडी, आणि वहिनींच्या जागी वाळूचं पोतं ठेवलं तरी चालेल, असं तो चारचौघांत म्हणायचा. खारूताई मनमोकळी हसायची. भावजी, एकदा बसून बघा, एवढंच म्हणायची आणि हेल्मेट घालायची. ती जाऊन आता काही वर्षं झाली होती. तेव्हापासून ती गाडी वर्कशॉपच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली उभी होती.

चहाचा कप हातात घेऊन भोवऱ्याने विषय काढला. तो बाणाशी बोलतच नव्हता, बाणाच्या बायकोशी बोलत होता. साइडकारमध्ये पाय फाकवावे लागत नाहीत, पत्र्यावर गादी बसवून देतो, बैलगाडीच्या वेगाने नेतो आणि आहे तसा परत आणून देतो, असा त्याने शब्द दिला. बायकोने त्याला चांगलं तावूनसुलाखून घेतलं. शेवटी सूनबाईने जुन्या सोफ्याची उशी आणून दिली आणि परवानगी मिळाली.

"एवढी वर्षं माझ्या मागे होतास," बाण दारापर्यंत सोडायला गेला तेव्हा म्हणाला, "आणि आता मला पोतं करून नेणार."

"पोत्याने बोलायचं नसतं," भोवरा म्हणाला आणि गेला.

रविवारी सकाळी स्वच्छ ऊन होतं. ट्रॅकवर बरीच गर्दी झाली होती. बाण आधी फलकापाशी गेला. स्वतःच्या फोटोपुढे तो जरा जास्तच वेळ रेंगाळला. डोक्यावर काय केस होते तेव्हा! बाकीचेही सगळे ओळखीचे. पावसातसुद्धा ब्रेकला हात न लावणारा तो पोस्टमन, प्रत्येक शर्यतीआधी भांडण उकरून काढणारा तो बेकरीवाला, आणि ज्याला सगळे पंडित म्हणत तो गणिताचा मास्तर. काही गेले होते, काही काठी टेकत तिथेच उभे होते. पंडिताने तर बाणाला पाहिल्याबरोबर एका जुन्या शर्यतीतली हुज्जत पुढे सुरू केली.

मग बाणाची नजर भोवऱ्याच्या फोटोवर गेली. वळणावर झुकलेली गाडी, हँडलवर भोवरा, आणि फोटोच्या अगदी कडेला, कडी घट्ट धरलेला एक हातमोजा. एवढाच. चौकटीत बसावा म्हणून कुणीतरी फोटो तिथेच कापला होता. भोवराही शेजारी उभा राहून तेच बघत होता. कार्ब्युरेटर बघून येतो म्हणाला आणि गाडीकडे निघून गेला.

फेरी सुरू झाली. सगळ्यात पुढे क्लबची उघडी जीप, तिच्यात हात हलवत उभे असलेले प्रमुख पाहुणे, आणि मागे जुन्या गाड्यांची फटफटणारी रांग. बाण उशीवर बसून राजासारखा दोन्ही बाजूंना बघत होता. कठड्याशी उभ्या असलेल्या बायकोला त्याने हात केला. तिने खुणेनेच कडी धरायला सांगितलं.

सरळ रस्ता संपेपर्यंत भोवऱ्याने शब्द पाळला. पुढे मोठं वळण आलं आणि त्याच्या मनगटाला जुनी सवय आठवली. इंजिनचा आवाज बदलला. बाणाने चमकून वर पाहिलं तोवर गाडी रांगेतून बाहेर पडली होती.

"बाहेर!" भोवरा ओरडला.

विचार करायला वेळच नव्हता. बाणाने कडी पकडली आणि सगळं अंग बाहेर टाकलं. खुबा कळवळला. रस्ता कानाखालून सळसळत गेला. उचलायला लागलेलं चाक खाली टेकल्याचं त्याला पोटात जाणवलं. धड सावरतो न सावरतो तोच उलटं वळण आलं आणि भोवरा पुन्हा ओरडला, "मागे!" या वेळी बाणाला उशीर झाला. गाडी क्षणभर तिरकी हवेत राहिली, बाणाचा जीव टांगणीला लागला, आणि तो कसाबसा भोवऱ्याच्या पाठीशी चाकावर जाऊन पडला. उशी मागे रस्त्यावर राहिली.

तिथे पडल्या पडल्या त्याला पुढचं काहीच दिसत नव्हतं. आयुष्यभर त्याने रस्ता स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता, ब्रेक स्वतःच्या हाताने दाबला होता. इथे समोर फक्त एका माणसाची पाठ होती, आणि तिच्या हलण्यावरून पुढे काय येतंय ते ओळखायचं होतं. आणि खारूताई हे या वेगाच्या तिप्पट वेगात करायची. बाण मनातल्या मनात तिच्या पाया पडला.

पुढच्या सरळ रस्त्यावर त्यांनी पंडिताला मागे टाकलं, आणि मग पाहुण्यांच्या जीपलाही. पाहुण्यांना हा कार्यक्रमाचाच भाग वाटला. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

गाडी थांबली तेव्हा बाण कडीला धरून खाली उतरला. बायको तरातरा येताना दिसत होती, पण तिच्याआधी माइकवाला पोचला. त्याने ठरलेला प्रश्न विचारला. आपल्या काळातला सगळ्यात मोठा शर्यतपटू कोण? लोक हसत होते, कारण बाण स्वतःचंच नाव घेणार याबद्दल कुणाला शंका नव्हती. घरून निघताना त्यालाही नव्हती.

बाणाने माइक हातात घेतला आणि दम खाल्ला.

"फलकावरची सगळी माणसं मोठी आहेत," तो म्हणाला. "मीही आहे, नाही कशाला म्हणू? पण आमच्यातलं कुणी आज मी बसलो त्या जागेवर एक वळणसुद्धा टिकलं नसतं. तिथे याची बायको बसायची. खारूताई. आम्ही ब्रेक आपल्या हातात ठेवून धाडस करायचो. तिच्या हातात नुसती एक कडी होती. फोटोत तिचा हातमोजा आलाय, जाऊन बघा. तो हातमोजा आमच्या सगळ्यांहून मोठा."

आधी टाळ्या म्हाताऱ्यांनी वाजवल्या, ज्यांनी तिला पाहिलं होतं. चिटणीस खाली मान घालून पुढे आले. पूर्ण फोटो कचेरीत आहे, आजच्या आज लावतो, असं त्यांनी भोवऱ्याच्या कानात सांगितलं. भोवऱ्याने मान हलवली आणि बराच वेळ स्वतःच्या हातमोज्याचं बटण काढत राहिला. ते केव्हाच निघालं होतं.

"दुसऱ्या वळणाला उशीर केलास," तो शेवटी म्हणाला.

"तू ओरडलासच उशिरा."

"तिला कधी ओरडून सांगावं लागलं नाही," भोवरा म्हणाला.

बायको येऊन उभी राहिली. बाणाने मान खाली घालून शिव्यांची तयारी केली. तिने आधी त्याचा खुबा चाचपला, दोन पावलं चालून दाखवायला लावलं. मग पर्स त्याच्या हातात दिली, पदर कमरेला खोचला आणि भोवऱ्याकडे वळली.

"भावजी, मला एक चक्कर. बैलगाडीच्या वेगाने म्हणालात, तो वेग आता तरी दाखवा."

"अगं, ती कडी अशी नाही धरायची," बाण घाईघाईने पुढे झाला.

"मला ठाऊक आहे कशी धरायची ते," ती पत्र्यावर गुडघे टेकत म्हणाली. "तुम्ही शर्यतीला बाहेरगावी जायचात तेव्हा तिनेच मला वर्कशॉपच्या अंगणात शिकवलं होतं. कितीदा तरी बसलेय मी."

बाणाने भोवऱ्याकडे पाहिलं. भोवरा दुसरीकडेच बघत गाडीला किक मारत होता.

गाडी सावकाश निघाली. वळण आलं, आणि भोवऱ्याने तोंड उघडायच्या आत ती बाहेर झुकली, फार नाही, त्या वेगाला लागेल तेवढीच. हातात पर्स धरून बाण कठड्यापर्यंत गेला आणि ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिला.