चाखणं म्हणजे खाणं नव्हे

मी एक लाकडी चमचा आहे. घटकाभर बसा आणि माझं ऐका. मला तोंड आहे, पण ते ढवळण्यापुरतं.

अलाबामातल्या एका परसात वादळाने पेकानचं झाड आडवं झालं. त्याच्या फांदीतून ओडेसाच्या वडिलांनी मला कोरलं आणि लग्नात लेकीच्या हाती दिलं. तेव्हापासून तिचा हात सुटला नाही. आता ती म्हातारी झाली. माउंट नेबो चर्चमध्ये वडीलधाऱ्या बायकांना मान म्हणून मदर म्हणतात, तशी ती सगळ्यांची मदर ओडेसा. रविवार असो नाहीतर कुणाची मयत, चर्चचा स्वयंपाक तिचाच.

तिची एक रीत आहे. पातेलं ढवळायचं, माझ्यातलं थोडं तळहातावर घ्यायचं, चाखायचं, मान हलवायची, मीठ किंवा लोणी घालायचं आणि पुन्हा चाखायचं. पाकातली रताळी, चीज घातलेली मॅकरोनी, डुकराच्या हाडावर शिजलेली हिरवी भाजी, पीचच्या फोडींवर पिठाचा थर देऊन भाजलेला गोड कॉबलर, सगळ्यांची पाळी यायची.

तिची मैत्रीण बर्निस चिडवायची, "ओडेसा, चाखतेयस की जेवतेयस गं?"

"न चाखता वाढू? लोक मेलेल्याला सोडून माझ्या नावाने रडतील! आणि चाखणं म्हणजे खाणं नव्हे, समजलं?"

पंगत बसली की ही मात्र ताट घ्यायची नाही. "वासानेच भूक मेली बाई," म्हणायची.

पुढे तिला मधुमेह निघाला. रोज सकाळी इन्सुलिनची सुई सुरू झाली. दवाखान्यातून किआरा नावाची मुलगी फोन करायची. आहार विचारणं हेच तिचं काम. तीही आमच्यातलीच, काळी, गोड बोलणारी.

"मदर, काल काय काय खाल्लंत?"

"सकाळी उकडलेलं अंडं आणि बिनसाखरेची कॉफी. दुपारी बाळा, मयतीचं जेवण होतं, बसायलाच मिळालं नाही. संध्याकाळी वाटीभर भाजी."

"मधे काही तोंडात टाकलंत?"

"अगं, श्वास घ्यायला फुरसत नव्हती!"

हे बोलताना तिने मला रताळ्यांच्या पाकातून काढून चाटलं. देवाशप्पथ सांगतो, ती खोटं बोलत नव्हती. खोटं तिला जमतच नाही.

पण रक्तातली साखर काही उतरेना. डॉक्टरांना वाटलं, बाई एक तर थापा मारते नाहीतर औषध चुकवते. लेक लॅव्हर्न अटलांटाहून आली होती, ती तिथेच कडाडली, "काळ्या बाईचा शब्द खरा वाटत नाही ना तुम्हाला? माझी आई उपाशी राहते हो!" डॉक्टर वरमले. त्यांनी शब्द खरा मानला आणि सुईचा डोस वाढवला.

मग मातृदिन आला. त्या दिवशी चर्चमध्ये पुरुष रांधतात आणि मदर लोकांनी स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नसतं. ओडेसा पांढरी शुभ्र टोपी घालून पहिल्या बाकावर बसली. पुरुषांच्या हाती पडू नये म्हणून मला तिने पर्समध्ये घातलं होतं. सुई घेतली होती, अंडं खाल्लं होतं. चाखायला मात्र काहीच नव्हतं.

गाणी रंगात आली तसे तिचे हात थरथरू लागले. घामाने टोपी भिजली. ती उठून डोलू लागली, काहीबाही बडबडू लागली. सगळे आनंदाने ओरडले, "मदरच्या अंगात पवित्र आत्मा आला! हालेलुया!" पांढऱ्या गणवेशातल्या बायका पंख्यांनी वारा घालू लागल्या. वारा कसला घालता, सुईने तिची साखर पार उतरलीय, साखर द्या! पोरांना वाटायच्या पेपरमिंटच्या गोळ्या पर्समध्ये माझ्या अंगाला चिकटून होत्या. मला ओरडता आलं नाही. ती धाडकन पडली, तेव्हा कुठे कुणीतरी अँब्युलन्स बोलावली.

ती वाचली. डोस कमी झाला. ती पुन्हा रांधू लागली आणि साखर पुन्हा चढली. डोस परत वाढवण्याआधी काल किआरा स्वतः घरी आली. मला इतका आनंद झाला! म्हटलं, आता ही डोळ्यांनी बघेल.

"मदर, माझं काही विचारायचं राहिलंय का हो? माझी आजी यातच गेली. तुम्हाला असं होऊ द्यायचं नाहीये मला."

ओडेसाने खरंच डोकं खाजवून विचार केला. "नाही गं बाळा, सगळं सांगितलं. ताट वाढू?"

"नको, कामावर असताना मी काही खात नाही."

"मग निदान चाख तरी."

तिने मला पुढे केलं. किआराने कॉबलर चाखला, डोळे मिटले. मग मॅकरोनी चाखली. मग पुन्हा कॉबलर, "खात्री करून घेते" म्हणून. जाताना दारात तिला आईचा फोन आला. ती म्हणाली, "नाही गं आई, सकाळपासून पोटात काही नाही."

मी खिळ्यावर लटकून ऐकत राहिलो.

डोस वाढला आहे. परवा ओडेसा लेकीकडे अटलांटाला निघाली आहे. लॅव्हर्न आईला चुलीजवळ फिरकूसुद्धा देत नाही, फार जीव आहे तिचा. बॅग भरून झाली, मी इथेच राहणार. तुमच्यापैकी कुणी तिला भेटलात, तर कृपा करा. काय खाल्लं ते विचारू नका. एवढंच विचारा, "मदर, आज काही चाखलंत का?"